गोळ्यांसह पकडलं गेल्यावर: चिठ्ठीचा बचाव, झडतीतल्या त्रुटी की उपचार?

मालेगावात तिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’. मेडिकलमध्ये तीच अल्प्राझोलाम. जीव घाबरा होतो, झोप लागत नाही म्हणून डॉक्टर ती लिहून देतात आणि नशेसाठीही तीच विकली जाते. घरातलं पोर अशा गोळ्यांसह सापडलं की घरचे पहिल्या रात्री एकच विचारतात, ‘सुटेल ना?’ त्याआधी विचारायला हवं ते हे: पंचनाम्यात वजन किती लिहिलंय?

एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याखाली अल्प्राझोलामची अल्प मात्रा ५ ग्रॅमपेक्षा कमी, व्यापारी मात्रा १०० ग्रॅमहून जास्त. ०.५ मिलिग्रॅमच्या हजार गोळ्यांत मूळ औषध जेमतेम अर्धा ग्रॅम असतं. पण हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं की मिश्रणाचं सगळं वजन धरायचं. एक गोळी १०० मिलिग्रॅम भरत असेल तर त्याच हजार गोळ्या थेट १०० ग्रॅमच्या काठावर येतात आणि एक पट्टी वाढली की व्यापारी मात्रा. अल्प मात्रेला कमाल १ वर्ष कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्यापारी मात्रेला किमान १० वर्षं, आणि जामिनासमोर कडक अटी घालणारं कलम ३७ उभं. म्हणून वजन कळल्याशिवाय बचावाची वाट ठरवूच नका.

औषध खरोखर स्वतःच्या आजारपणासाठी असेल तर माझ्या मते सगळ्यात भक्कम बचाव डॉक्टरांच्या चिठ्ठीचाच. याच कायद्याचं कलम ८ वैद्यकीय वापराला जागा देतं. त्याखालच्या नियम ६६ प्रमाणे मनावर परिणाम करणाऱ्या औषधांची १०० मात्रा-एककं, म्हणजे साधारण १०० गोळ्या, स्वतःच्या उपचारासाठी जवळ ठेवता येतात. डॉक्टरांनी दीर्घ उपचारासाठी तसं स्पष्ट लिहून दिलं असेल तर ३०० पर्यंत. ट्रामाडोल २०१८ पासून या कायद्यात आहे, त्यामुळे कंबरदुखीवर ते घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. कोडीनच्या खोकल्याच्या औषधाचं गणित निराळं आहे. त्याला १९८५ च्या सरकारी अधिसूचनेतली, ठरावीक प्रमाणाच्या आतल्या कोडीनच्या औषधांना असलेली सवलत लागू होते की नाही यावरच वाद रंगतो.

हा बचाव कागदावर उभा राहतो. चिठ्ठीवर तारीख, रुग्णाचं नाव, डोस, किती दिवस, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सगळं हवं. चुरगळलेली, घडीवर फाटलेली चिठ्ठीसुद्धा टाकू नका. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना सुचतच नाही. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीवर जादा बंधनं असलेल्या औषधांच्या यादीत येतं. ते विकताना मेडिकलवाल्याने डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं असतं आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं असतं. वकिलांना सांगून ते न्यायालयामार्फत मागवून घ्या. अटकेनंतर मिळवलेल्या चिठ्ठीवर सरकारी वकील तुटून पडतात, पण तारखेवार लिहिलेल्या जुन्या नोंदीपुढे त्यांनाही थांबावं लागतं.

चिठ्ठी नसेल तर लोक झडतीतल्या चुका शोधायला लागतात. अंगझडतीआधी ‘राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती घ्या असं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे’ हे कलम ५० प्रमाणे सांगावंच लागतं. पण गोळ्या पिशवीत किंवा डिक्कीत सापडल्या असतील तर हे कलम उपयोगाचं नाही. नमुने घेताना कलम ५२-अ पाळलं नाही, एवढ्यावर जामीन मागणारेही पुष्कळ. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की केवळ त्या त्रुटीमुळे जामिनाचा हक्क मिळत नाही. व्यापारी मात्रेच्या खटल्यात पंचनाम्याची ओळ न् ओळ तपासायलाच हवी, पण भरवसा फक्त याच मुद्द्यावर ठेवला तर मला धास्ती वाटते. एक मात्र मोठा आधार आहे: तूफान सिंग निकालानंतर, म्हणजे २०२० पासून, तपास अधिकाऱ्यांसमोर कलम ६७ खाली दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही.

तिसरी वाट कलम ६४-अ ची. व्यसन लागलंय, मात्रा अल्प आहे किंवा गुन्हा फक्त सेवनाचा आहे, आणि आरोपी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतो, तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. कायद्यातली ही सगळ्यात माणुसकीची तरतूद, आणि खऱ्या व्यसनात सापडलेल्या पोरासाठी मी हीच निवडीन.

अडचण अशी की ‘डॉक्टरांनी दिलेलं औषध आहे’ आणि ‘मला व्यसन आहे’ ही दोन वाक्यं न्यायालयात एकमेकांना कापतात. पुष्कळदा दोन्ही खरी असतात. गोळ्या चिठ्ठीवर सुरू होतात आणि पुढे सुटत नाहीत. हे वकिलांना पहिल्याच भेटीत पूर्ण सांगा, लाजू नका. कुठलं वाक्य पुढे करायचं ते त्यांना पहिल्या अर्जाच्या आतच ठरवावं लागतं.

अल्प मात्रेत ‘गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा’ असं सांगणारे कोर्टाच्या आवारात भेटतीलच. तो दंड म्हणजे दोषसिद्धी असते आणि नोकरीच्या पोलीस पडताळणीत ती पुढे येते. चिठ्ठी किंवा ६४-अ यांपैकी एकही वाट उघडी असेल तर हे करू नका. वकील परवडत नाही म्हणूनही करू नका. कोठडीत असलेल्या माणसाला, उत्पन्न कितीही असलं तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा, किंवा रिमांडच्या वेळी न्यायाधीशांनाच तसं सांगा.