आंबा नोंदणीसाठी नोड जेएस : एका हंगामाच्या वापरानंतर

देवगडजवळच्या आमच्या वाडीतील काही बागायतदारांकडे येणारी हापूसच्या पेट्यांची मागणी पूर्वी फोनवर घेऊन वहीत उतरवली जात असे. गेल्या पावसाळ्यात त्यासाठी मी नोड जेएसवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) एक लहानसा सर्व्हर लिहायला घेतला आणि आंब्याचा संपूर्ण हंगाम तो प्रत्यक्ष वापरात होता. या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की, नवशिक्याने एक्सप्रेसपासून (नोडवर सर्व्हर लिहिण्याचे तयार पॅकेज) किंवा तयार साच्यापासून सुरुवात न करता नोडच्या अंगभूत सोयींपासून करावी आणि इव्हेंट लूप (आलेली कामे एकेक करून हाती घेणारी नोडची यंत्रणा) समजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रायन डाल यांनी २००९ मध्ये क्रोमचे जावास्क्रिप्ट चालवणारे व्ही८ इंजिन ब्राउझरबाहेर वापरून नोड तयार केले. आपला जावास्क्रिप्ट कोड त्यात एकाच थ्रेडवर (एका वेळी एकच काम करणाऱ्या ओळीवर) चालतो, आणि फाइल, डेटाबेस किंवा नेटवर्ककडून उत्तर यायचे असेल, तेव्हा तो थ्रेड अडून न राहता पुढची विनंती हाती घेतो. त्यामुळे घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही एप्रिलच्या गर्दीतल्या मागण्या विनातक्रार नोंदल्या गेल्या. या रचनेची दुसरी बाजू मात्र स्वतः पाहावी लागते. मी एका पत्त्यावर मुद्दाम काही सेकंद चालणारे फॉर लूप ठेवले आणि ते चालू असताना दुसऱ्या फोनवरून पाच डझनी पेटीचा भाव मागितला. भाव सांगायला कसलेही गणित लागत नव्हते, तरीही लूप संपेपर्यंत पान कोरेच राहिले. लूप काढून तेवढाच विलंब सेटटाइमआउटने (ठरावीक वेळानंतर काम करवणारे फंक्शन) घडवला, तेव्हा भाव तत्काळ दिसला. हा प्रयोग प्रत्येकाने अगदी सुरुवातीलाच करावा, कारण फंक्शनच्या आधी ‘असिंक’ लिहिले की जड काम आपोआप बाजूला जाते, हा समज त्याने कायमचा दूर होतो. गणित खरोखरच जड असेल, तर वर्कर थ्रेड्सकडे (जड काम वेगळ्या थ्रेडवर चालवण्याची सोय) वळावे लागते.

चुका हाताळण्याचा भाग शिकवण्यांमध्ये फार घाईने उरकला जातो, याचे मला वाईट वाटते. नोड १५ पासून एखादे प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराची हमी) फसले आणि ते कुठेच पकडले गेले नाही, तर संपूर्ण प्रक्रिया बंद पडते. एक्सप्रेस ४ मध्ये असिंक हँडलरमधील (विनंतीला उत्तर देणाऱ्या फंक्शनमधील) चूक स्वतः पुढे पाठवावी लागते. एक्सप्रेस ५ ते काम आपणहून करते. आज एक्सप्रेस घ्यायचेच असेल, तर पाचवी आवृत्तीच घ्यावी.

पॅकेजांच्या बाबतीत कोकणातल्या पावसाने मला शिस्त लावली. आषाढात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असतात, अशा वेळी एका लहान कामासाठी शेकडो उपपॅकेजे उतरवणे परवडत नाही. नोड १८ पासून फेच (नेटवर्कवरून माहिती मागवण्याची सोय) आणि चाचण्या चालवण्याची सोय अंगभूत आहे आणि फाइलमधली परिसरचले (एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स, म्हणजे कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंग्ज) वाचण्यासाठी विसाव्या मालिकेपासून वेगळे पॅकेज लागत नाही. जी पॅकेजे उरली, त्यांच्या नेमक्या आवृत्त्या पॅकेज-लॉक फाइलमध्ये बांधून ‘एनपीएम सीआय’ने (एनपीएम हे नोडची पॅकेजे उतरवण्याचे साधन) बसवल्या. एकदा उतरवलेले पॅकेज एनपीएम आपल्या साठ्यात ठेवते, त्यामुळे ‘प्रिफर ऑफलाइन’ हा पर्याय दिला की पुढच्या वेळी नेटवर्कवरचा भार बराच कमी होतो.

दुसऱ्या फाइलमधला कोड आणण्याच्या रिक्वायर आणि इम्पोर्ट या दोन पद्धतींचा गोंधळ अजूनही त्रासदायक आहे. जुनी उदाहरणे पहिल्या पद्धतीची असतात, नवी दुसऱ्या, आणि दोन्ही एकाच फाइलमध्ये उतरवली की नवशिक्या अडकतो. नव्या कामासाठी इम्पोर्टच धरावे.

मी वापरलेली नोडची २२ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली, ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला दीर्घकालीन आधाराचा दर्जा मिळाला आणि तो एप्रिल २०२७ पर्यंत आहे. आवृत्ती बदलायची झाल्यास मी ते काम पाऊस ओसरल्यावर, मोहोर धरण्यापूर्वी करणार आहे. पेट्या भरू लागल्यावर चालत्या सर्व्हरला हात लावायचा नाही, असे आम्ही बागायतदारांशी बोलून ठरवले आहे.