बार एकच आहे, हेच बरं: कारेलीबागेतल्या जिमचा वापरानंतरचा अनुभव

जानेवारी २०२४ मध्ये नाव घातलं, आता वर्ष होत आलंय. वय ५३, बँकेत बैठं काम, वडोदऱ्याच्या कारेलीबागेत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आणि लिफ्ट नाही. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारी तपासणी, ६.२ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. कमाटीबागेत रोज चालते असं मी डॉक्टरांना ऐटीत सांगितलं, तर म्हणाले, "चाला, पण वजनंही उचला." व्यायाम करताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, आणि पाळी गेल्यावर हाडं विरळ व्हायला लागतात त्यालाही वजनांचा आधार होतो, असं त्यांनी समजावलं. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. आपण सगळे त्या १५० वर थांबतो.

जिम अगदी साधी. ट्रेडमिल दोन, त्यातली एक कायम कारागिराची वाट बघत असते. एसी नाही, त्यामुळे मे महिन्यात पहाटेही घामाच्या धारा. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. चकचकीत यंत्रांसाठी जायचं असेल तर अलकापुरीकडे बघा, इथे येऊ नका.

मी टिकले ती पहाटे सहाच्या बॅचमुळे. आणि ती बॅच जमली ती, माझ्या मते, जिममध्ये लांब बार, म्हणजे वजनं अडकवायचा लोखंडी दांडा, एकच आहे म्हणून. चारपाच जणांत एक बार. एकाने उचलायचा, बाकीच्यांनी बघायचं. जड वजनाच्या दोन सेटमध्ये दोनतीन मिनिटं थांबावंच लागतं, त्या वेळात गप्पा होतात आणि दुसऱ्याची पाठ वाकली तर चार तोंडांतून एकदम "पाठ, पाठ!" येतं. आमच्यात एक फरसाणवाले भाई, एमएस युनिव्हर्सिटीतली दोन मुलं आणि साठी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका बेन आहेत. या बेन मोजायला उभ्या राहिल्या की दहा कधी दहावर संपत नाहीत. "हजी बे!" म्हणतात, की आणखी दोन निघतातच. एक दिवस दांडी मारली तर दुसऱ्या दिवशी "काले केम ना देखाया?" (काल का दिसला नाहीत?) हे ठरलेलं. घरी कुणी असं विचारत नाही, घरी विचारतात, "आज पोहे नाहीत?"

माझे वडील दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. प्रो. माणिकरावांच्या नावाने ओळखला जाणारा तो आखाडा, एका हुकमावर सगळ्यांचे हात वर. "एकट्याने काढलेल्या जोरांना गोडी नाही," असं ते म्हणायचे. कानात इअरफोन घालून आरशासमोर वजनं हलवणाऱ्यांना बघून त्यांना काय वाटलं असतं, देव जाणे.

शिकवणं चांगलं आहे, आणि मी चिकित्सक आहे. सरांनी पहिले काही आठवडे बारला हातच लावू दिला नाही. पाठीला झाडूचा दांडा धरायला लावला: डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी दांडा टेकलेला राहिला पाहिजे, आणि तसंच कमरेतून मागे सरकत वाकायचं. दिसतं सोपं. माझा दांडा दर वेळी डोक्यापासून सुटायचा. जमलं तेव्हा रिकामा बार हातात मिळाला, जो मुळातच २० किलोचा असतो.

त्याचा उपयोग ऑगस्टच्या अखेरीस झाला. विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरलं, स्कूटर बुडाली, वीज गेली, पंप बंद. पाणी ओसरायला लागल्यावर बॅचमधली ती दोन मुलं दूध, मेणबत्त्या आणि पाण्याचे २० लिटरचे जार घेऊन आली. ग्रुपवर मी फक्त "आम्ही ठीक" एवढंच टाकलं होतं. जार जिन्याशी ठेवून ती पुढे समा भागात गेली, तिथे हाल जास्त होते. मी जार अंगाशी घेतला, कंबर मागे, पाठ सरळ, आणि चढले. मग शेजारच्या आजींचाही नेला. आमचे हे बॅटरी धरून मागून येत होते, तोंडातून शब्द नाही.

नवरात्रात एरवी मी गरब्याच्या दुसऱ्या फेरीनंतर खुर्ची शोधते. या वेळी गुडघ्याने कुरकुर केली नाही. नऊ दिवस बॅच मात्र जवळजवळ ओस. वडोदऱ्यात त्याला इलाज नाही. परवाचा एचबीएवनसी ५.८. श्रेय एकट्या जिमचं नाही, रात्रीचा भातही कमी केलाय.

आता तक्रारी. वर्षाचं पॅकेज घ्या म्हणून काउंटरवरचा पोरगा पिच्छा पुरवतो. मी तीन-तीन महिन्यांचेच पैसे भरते, थोडे जास्त पडतात, पण मान मोकळी राहते. प्रोटीनचा डबाही खपवायला बघतात. साधारण माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं असं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगते, म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नासेक ग्रॅम. आपलं पातळ वरण त्यात फार भर घालत नाही, हे खरं. पण मोड आलेली मटकी, दही, पनीर, दाणे असा मेळ घातला तर माझं डब्याशिवाय भागतं. ज्यांचं भागत नाही त्यांनी आहारतज्ज्ञाला विचारावं, काउंटरला नाही.

आणि बॅचचा जाचही आहे. "केटलुं उतर्युं?" म्हणून वजनाची जाहीर चौकशी होते. मला राग येत नाही, सुनेला आला आणि तिने येणं सोडलं. खांदा दुखला तर पाच जण पाच तेलं सांगतात. मी सरळ फिजिओथेरपिस्टकडे गेले.

चाचणीचा दिवस घ्यायचा असेल तर सोमवारी जाऊ नका, सगळं वडोदरा त्याच दिवशी संकल्प करतं. गुरुवारी सहाला जा, बूट वेगळे न्या, आणि गाणी नकोशी झाली तर स्पीकरचं बटण पाण्याच्या कूलरमागे आहे.