एकुलतं झुडूप, मुबलक चिमणी
सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओत, म्हणजे जुन्या लष्करी तळाच्या जागेवरच्या उद्यानात, हे झुडूप आणि ही चिमणी दोघंही राहतात. जपायला निधी एकालाच पुरणार असेल, तर कुणाला द्यावा? पांढऱ्या पट्ट्यांच्या डोक्याची चिमणी तिथे सर्रास दिसते. तिच्या गाण्याची ढब भागागणिक बदलते, पिल्लं ती आसपासच्या मोठ्यांकडून उचलतात. २०२० च्या टाळेबंदीत रहदारी थांबली, तेव्हा नर हळू आवाजात गाऊ लागले, तरी ऐकू दुप्पट लांबवर जाई!

फ्रान्सिस्कन मॅन्झानिटाला असं जुळवून घेणं कुठून जमणार? सर्पेंटाइन नावाच्या हिरवट खडकाच्या जमिनीतलं हे झुडूप, घंटेसारख्या फुलांचं. १९४० च्या दशकानंतर रानातून संपलं असंच मानत होते. २००९ मध्ये गोल्डन गेट पुलाजवळ, रस्त्याच्या कामात, एक सापडलं. २०१० मध्ये मातीच्या गड्ड्यासकट उचलून हलवलं. बागांत जुन्या रोपांची कलमं आहेत, पण रानात आपसूक वाढलेलं तेवढंच सापडलं. निधी तोकडा असेल तर माझं मत झुडपालाच.