८५ एमएम एफ/१.८: आठ महिने आणि बाबांचा चष्मा

या पोर्ट्रेट लेन्सबद्दल शार्पनेस, वजन, बोके (मागचं धूसर होणं) हे सगळं तुम्ही आधीच वाचलं असणार. मला बोलायचंय ते फक्त चष्म्याबद्दल.

पहिल्याच आठवड्यात बाबांचे फोटो काढले. आय-एएफचा, म्हणजे डोळा ओळखून आपोआप फोकस करणाऱ्या सोयीचा, चौकोन डोळ्यावर घट्ट चिकटलेला, म्हटलं पैसे वसूल. मोठं करून बघतो तर चष्म्याच्या फ्रेमवरचा उडालेला रंगसुद्धा मोजता येतोय, आणि त्यामागचा डोळा धुक्यात. ४० पैकी ३१ फोटो असेच.

लेन्स दोनदा सर्व्हिस सेंटरला गेली. दोन्ही वेळा ‘दोष आढळला नाही’ असा कागद लावून परत. फोनवरचा माणूस म्हणे, ‘सर, चष्मा काढायला सांगा ना.’ अहो, चष्मा काढला की आमचे बाबा दुसऱ्याच कुणाचे तरी वडील दिसतात!

शेवटी रागारागात हिशेब मांडला. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ८० सेंटीमीटरवरून एफ/१.८ला, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवून, फोकसची खोली (जेवढ्या अंतरातलं शार्प दिसतं ती) मिळते जेमतेम १ सेंटीमीटर. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटर पुढे असते. म्हणजे फोकस फ्रेमवर बसला की डोळा गेलाच. दीड मीटर अंतरापर्यंत मागे सरकून एफ/२.८ ठेवलं, म्हणजे तोंड जरा बारीक केलं, तर हीच खोली ५ सेंटीमीटरच्या आसपास जाते. इतके महिने मी एफ/१.८ सोडलंच नव्हतं, कारण पैसे एफ/१.८चे मोजले होते. चूक माझी, मान्य. पण ‘डोळा ओळखतो’ म्हणून विकलेल्या कॅमेऱ्याने फ्रेमची कड धरावी, ही तक्रार मी मागे घेणार नाही.

खरी गंमत पुढेच. अमेरिकन पोर्ट्रेट फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडन आपल्या ८ बाय १० इंची फिल्मच्या कॅमेऱ्याच्या मागे नाही, बाजूला उभा राहायचा, समोरच्याशी नजरेने बोलत. म्हटलं, आपण का नाही? कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, फोकस आय-एएफवर सोपवला, रिमोट हातात घेतला आणि लेन्सला जवळजवळ गाल लावून उभा राहिलो. जरा लांब सरकलं की नजर फोटोबाहेर जाते, म्हणून इतकं जवळ. एरवी कॅमेरा दिसला की बाबांचा चेहरा ओळखपत्रावरचा होतो. त्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाले, ‘बटण तुटलंय तुझं, वरून दुसरं.’ तेव्हाच रिमोट दाबला. भुवई किंचित वर, डोळ्यांत खिडकीचा छोटा चौकोन, आणि लहानपणी अभ्यासाला बसवताना असायची तीच नजर. फ्रेमही शार्प, डोळाही शार्प.

लेन्स विकायची जाहिरात टाकली होती, ती काढली. दोन वेळच्या कुरिअरचे पैसे मात्र अजून मागतोय.