एफसीएस ३.१: यंत्रासाठी उत्तम, रुग्णालयासाठी अर्धवट

फ्लो सायटोमीटर (पेशी एकेक करून प्रकाशाने मोजणारे यंत्र) याची फाइल म्हणजे एफसीएस. २०१० ची ३.१ आवृत्ती अनेक प्रयोगशाळांत आजही चालते. सुरुवातीचे ५८ बाइट हे हेडर. त्यात टेक्स्ट, डेटा आणि अ‍ॅनालिसिस या भागांचे पत्ते (फाइलमधली त्यांची सुरुवात आणि शेवट), प्रत्येकाला आठ अंकांची जागा. ९,९९,९९,९९९ बाइटांपुढे पत्ता मावत नाही. मग तिथे शून्य लिहून खरा पत्ता टेक्स्ट भागातल्या $बिगिनडेटा आणि $एंडडेटा या कीवर्डांत द्यायचा. जुने वाचक सॉफ्टवेअर ते बघतच नाही आणि मोठी फाइल रिकामी दाखवते!

$स्पिलओव्हर (एका रंगाचा प्रकाश दुसऱ्याच्या मापनात किती मिसळतो त्याचा तक्ता) प्रमाणित झाले, हे या आवृत्तीचे मोठे काम. मात्र त्यातली नावे $पीएनएन (प्रत्येक मापनाचे छोटे नाव) शी अक्षरशः जुळली पाहिजेत. तिथे $पीएनएस मधले रंगद्रव्याचे लेबल टाकले की कॉम्पेन्सेशन (ही मिसळ वजा करणे) कोलमडते.

खरी उणीव रुग्णाच्या ओळखीची. डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या मानकात रुग्ण क्रमांकाला ठरलेला टॅग आहे (००१०,००२०). इथे $एसआरसी (नमुन्याचा स्रोत) आणि $एसएमएनओ (नमुन्याचे लेबल) हे मोकळे मजकूर. कुणी नाव लिहितो, कुणी नळीचा क्रमांक. संशोधनासाठी फाइल बाहेर देताना आधी हेच दोन तपासा.

सीडी४ (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) चा आकडा रुग्णालयाच्या प्रणालीत न्यायचा तर एचएल७ (रुग्णालयांतल्या संदेशांचे मानक) संदेशाच्या ओबीएक्स-३ या रकान्यात लॉइंक (चाचण्यांचे प्रमाणित कोड) २४४६७-३, ओबीएक्स-५ मध्ये संख्या, ओबीएक्स-६ मध्ये प्रति मायक्रोलिटर. टक्केवारीला हा कोड लावू नका, तिचा वेगळा आहे. गेट (कोणत्या पेशी मोजायच्या याची सीमा) कुठे आखले तेही गेटिंग-एमएल फाइलमध्ये जपा. नुसत्या आकड्यावरून ते उलगडत नाही.