कानबाईचा तयार संच घ्यावा का?

श्रावण लागला की जळगाव-धुळ्याच्या बाजारात कानबाईचे तयार संच दिसू लागतात. कानबाई म्हणजे नारळाच्या रूपात पुजली जाणारी खान्देशातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिचं विसर्जन; नारळ मात्र बऱ्याच घरांत पुढच्या वर्षासाठी जपून ठेवतात. सुरत-पुण्याहून शनिवारी गावी पोचणाऱ्या घरांना हे संच मोठा आधार वाटतात. खोक्यात साधारणपणे डोळे-नाक लावलेला नारळ, नथ, मणी-मंगळसूत्र, खण, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, आरतीची पुस्तिका आणि 'रोटाचं पीठ' म्हणून, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पुरणपोळ्यांसाठी, एक किलोची पिशवी असते.

नारळ घेताना कानाशी धरून हलवा. पाण्याचा आवाज आला तर तो पुढच्या वर्षापर्यंत टिकणार नाही, आतून कुजतो किंवा तडकतो. आतला गोटा सुटून खडखडणारा नारळ जपून ठेवता येतो. डोळे मेणाने बसवलेले असतील तर समई वीतभर लांब ठेवा, रात्रभराच्या जागरणात मेण मऊ होऊन एक डोळा खाली ओघळतो. डिंकाने चिकटवलेले डोळे श्रावणाच्या दमट हवेत सुटतात. चापाची नथ नारळावर धरत नाही, म्हणून ती दोऱ्याने शेंडीला बांधून पुढे घ्या. ज्या घरी पिढीजात नारळ आहे, त्यांनी नवा नारळ घेऊच नये. फक्त साज घ्या. साज चांगला असतो, खण मात्र बहुतेक वेळा सिंथेटिक, आणि दिव्याजवळ तो धोक्याचा.

पिठाची पिशवी घेऊ नका, हे ठामपणे सांगावंसं वाटतं.

रोटाचे गहू घरातल्या माणसांमागे सव्वा मूठ असे मोजतात. कुठे फक्त पुरुषांच्या नावे, कुठे सगळ्यांच्या. सहा नावं असतील तर साडेसात मुठी. मोजताना नावं मोठ्याने घेतात, आणि पाळण्यातल्या बाळाचं नाव आलं की त्याचीही सव्वा मूठ पडते. मुंबईला नोकरीवर असलेल्याचीही पडते. कुटुंबात कोण कोण आहे याची ही रोकडी नोंदच असते. किलोभर तयार पिठात कुणाचंच नाव नसतं.

व्यवहारातही ते जमत नाही. रोट घरातल्यांनी आणि भाऊबंदांनीच संपवायचे असतात, बाहेर द्यायचे नसतात. चार माणसांच्या घरात पाच मुठींऐवजी किलोभर पीठ भिजलं की उरलेल्या पोळ्यांचं काय करायचं हा पेच पडतो. शिवाय बऱ्याच घरांत या पिठाचा कोंडाही टाकत नाहीत, आणि पिशवीतलं पीठ चाळलेलं असतं, म्हणजे कोंडा आधीच कुठेतरी गेलेला. गहू निवडून, मोजून शनिवारी गिरणीत द्या. आपल्या आधी ज्वारी-बाजरी दळली असेल तर गिरणीवाल्याला जातं झाडून घ्यायला सांगा, नाहीतर पिठात भेसळ होऊन पुरणपोळी लाटताना फाटते.

पुस्तिकेबद्दल नाराजी आहे. त्यात कुठल्याही देवीला चालतील अशा प्रमाण मराठीतल्या आरत्या छापलेल्या असतात. कानबाई आणि कन्हेरच्या लग्नाची अहिराणी गाणी, ज्यांच्यावर सगळं जागरण चालतं, ती नसतात. गाणीच नसतील तर नव्या सुनेला किंवा शहरात वाढलेल्या मुलांना चौरंगावर सजवलेला नारळ दिसेल, पण हे लग्नघर आहे हे कसं कळणार? संच बनवणाऱ्यांनी गावातल्या जाणत्या बायकांकडून चार-पाच गाणी उतरवून घेतली, तरी हा संच दुप्पट किमतीला घ्यावा असा होईल. तोवर गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. गाणाऱ्या बाईच्या जवळ बसून करा, टाळ-ढोलकीजवळ ठेवलेल्या मोबाइलमध्ये शब्द बुडतात.

साज सुटा मिळत असेल तर तेवढाच घ्या. पूर्ण संच घ्यायचा तर पुस्तिका आणि पीठ काढून किंमत कमी करून मागा, दुकानदार सहसा तयार होतात.