सुरीचं पातं घासताना: कोरडा बेल्ट की पाण्याचं चाक?

वेग हवा असेल तर कोरडा बेल्ट ग्राइंडर (फिरत्या खरखरीत पट्ट्यावर घासायचं यंत्र), यात वाद नाही. पाण्यातून फिरणारं संथ चाक त्याच्यापुढे कंटाळवाणं वाटतं, शिवाय चिखल आणि शिंतोडे वेगळेच. पण पात्याला एकदा पाणी दिलेलं, म्हणजे ते तापवून आणि विझवून कडक केलेलं असलं की हिशोब बदलतो.

साध्या कार्बन पोलादाची सुरी कडक केल्यावर बहुधा 200 अंश सेल्सिअसच्या आसपास टेम्पर करतात, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा बेताने तापवतात. त्याहून जास्त तापलं की पोलाद नरम पडू लागतं. बेल्टवर धारेची कड इतकी पातळ असते की उष्णतेला पळायला जागाच उरत नाही. 220 च्या सुमारास फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा आणि 300 च्या जवळपास निळा. निळा दिसला म्हणजे तिथलं पाणी उतरलं, कडकपणा गेला. रंग हा वरचा ऑक्साइडचा थर. तो घासून जातो, आतला नरमपणा जात नाही. (ड्रिलच्या बिटांचं हायस्पीड स्टील याला अपवाद, ते 500 अंशांपर्यंतही कडकपणा टिकवतं.) पाण्याच्या चाकावर, धार ओली आहे तोवर, हा प्रश्नच येत नाही.

म्हणून माझी पसंती अशी: आकार देण्याचं काम पाणी देण्याआधी बेल्टवर, तेव्हा रंग आला तरी बिघडत नाही, शेवटची धार चाकावर. चाक नसेल तर बेल्ट नवा घ्या, वेग कमी ठेवा, हातमोजे काढा आणि बोटांना चटका बसण्याआधी पातं पाण्यात बुडवा. झिजलेला बेल्ट कापत नाही, नुसता तापवतो.